सही बघायला गेलं की खातं जातं

हे वाक्य मी २०१३च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा ऐकलं आणि त्याचा अर्थ मला सप्टेंबरात कळला. मधल्या पाच महिन्यांत माझ्यामुळे एका चांगल्या कर्मचारी बाईंचं नुकसान झालं. म्हणून हे लिहितो आहे.

मी संगणक बसवतो, दुरुस्त करतो आणि वापरणाऱ्यांना शिकवतो. त्या वर्षी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत विंडोज एक्सपीची जुनी मशीनं काढून नवी बसवायचं काम माझ्याकडे होतं. नव्या मशीनवर विंडोज ८ होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आलेली ही विंडोज बोटाने चालवायच्या स्क्रीनचा विचार करून बनवली होती. १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात असलेलं स्टार्टचं बटण तिच्यात नव्हतं. मशीन चालू केलं की रंगीत चौकोनांनी भरलेला पडदा यायचा. मशीन बंद करायचं तर माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून निघणाऱ्या पट्टीत सेटिंग्ज, मग पॉवर, मग शट डाउन. पतसंस्थेतल्या एकाही स्क्रीनला बोट लावून काही होणार नव्हतं, सगळं काम माउसनेच होतं.

माझं तेव्हाचं मत पक्कं होतं. लोक नव्याला आधी नाही म्हणतात, कुरकुर करतात, आणि महिन्याभरात सवय होते. हे मत मी हवेतून आणलं नव्हतं. खतावण्या जाऊन संगणक आले तेव्हा, डॉस जाऊन विंडोज आली तेव्हा, हेच लोक असंच बोलले होते आणि नंतर त्यांनीच ते आपलंसं केलं होतं. त्यामुळे तक्रार कानावर पडली की ती तक्रार काय आहे हे मी ऐकतच नसे. तक्रार करणाऱ्याचं वय बघत असे.

पैसे काढण्याच्या काउंटरवर पन्नाशी ओलांडलेल्या एक मॅडम होत्या. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "सर, सही बघायला गेलं की खातं जातं."

मी म्हणालो, "जात नाही मॅडम, मागेच असतं. सवय होईल."

त्यांनी हेच वाक्य पुढे दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी हेच उत्तर दिलं. एकदा संध्याकाळी त्यांना मशीन बंद करता आलं नाही, त्यांनी भिंतीवरचा स्विच बंद केला, आणि मी चारचौघांत त्यांना बोललो. जूनमध्ये व्यवस्थापकांनी माझ्याकडे लेखी अहवाल मागितला, तेव्हा मी लिहिलं की काही ज्येष्ठ कर्मचाऱ्यांची नवं शिकण्याची मानसिकता नाही. नाव लिहिलं नव्हतं, पण लिहायची गरजही नव्हती. मॅडमना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं आणि काउंटरवर एक पंचविशीचा मुलगा आला. माउस सराईतपणे फिरवणारा. मला माझं मत खरं ठरल्यासारखं वाटलं.

सप्टेंबरात पासबुकाचा प्रिंटर बिघडला म्हणून गेलो. सुटा भाग येईपर्यंत दोन तास काउंटरमागे बसून राहिलो. पाच महिन्यांत मी तिथे प्रथमच गप्प बसलो होतो.

खातेदार स्लिप पुढे करायचा. मुलगा खाते क्रमांक टाकायचा, शिल्लक बघायचा. मग सही पडताळायची. खातेदारांच्या नमुना सह्या स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. त्याने फाइल उघडली की सही पूर्ण पडदाभर यायची. मागचं खातं, नाव, रक्कम, सगळं झाकलं जायचं. एक्सपीत ही सही छोट्या विंडोत उघडत असे आणि ती खात्याच्या शेजारी ठेवता येत असे. इथे सही बंद करायला कोपऱ्यात फुलीसुद्धा नव्हती. वरची कड धरून चित्र खालपर्यंत ओढायचं, तेव्हा ते जायचं. तो मुलगा हे सगळं झपाट्याने करत होता. पण सही उघडण्याआधी प्रत्येक वेळी तो एका रद्दी कागदावर खाते क्रमांक आणि रक्कम लिहून घेत होता. दुपारपर्यंत तो कागद दोन्ही बाजूंनी भरला होता.

मी विचारलं, "हे कशाला लिहितोस?"

"सही उघडली की नंबर दिसत नाही ना सर. परवा सही एकाची बघितली आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यातून काढत होतो. वाचलो."

त्याला सवय झाली होती. वयाची अडचण नव्हती, मानसिकतेची नव्हती. आणि तरीही काम एक्सपीपेक्षा हळू आणि जास्त धोक्याचं झालं होतं. मॅडमनी तीन वेळा सांगितलेलं वाक्य म्हणजे या बिघाडाचं अचूक वर्णन होतं. त्यांच्याकडे फुल स्क्रीन, डिफॉल्ट प्रोग्राम असे शब्द नव्हते, एवढंच.

उपाय काय होता? सहीच्या फाइलवर उजवी क्लिक करायची आणि ती जुन्या पद्धतीच्या फोटो व्ह्यूअरमध्ये उघडेल अशी सोय करायची. तो प्रोग्राम विंडोज ८ मध्येही होता. एका मशीनला दोन मिनिटं लागली. एप्रिलमध्येही दोनच लागली असती.

त्यानंतर मी या विषयाकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. विंडोज ९५ सुद्धा लोकांना पूर्ण नवीच होती, मग ती लोकांनी का स्वीकारली? बटणावर 'स्टार्ट' असं लिहिलेलं होतं, आणि सुरुवातीला त्याच्याकडे बाण दाखवून इथे क्लिक करा असं सांगितलं जायचं. नवखा माणूस कुठे अडतो हे शेजारी बसून पाहिल्यावर ती रचना ठरली होती. विंडोज ८ तयार होत असताना, २०११ साली, मायक्रोसॉफ्टने नोंदींच्या आधारे सांगितलं होतं की स्टार्ट मेनूचा वापर घटतो आहे. नोंद खोटी असेल असं मी म्हणत नाही. पण क्लिक किती झाल्या हे मोजून, समोर खातेदार उभा असताना बाईंना काय दिसायला हवं, हे कळत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ बरोबर बटण परत आलं, तरी ते दाबल्यावर पडदाभर चौकोनच यायचे. जुन्यासारखा मेनू परतला तो जुलै २०१५ मध्ये, विंडोज १० बरोबर. लोक आपल्या म्हणण्यावर अडून राहिले म्हणूनच तो परतला, असं मी आज मानतो. त्या लोकांना मी तेव्हा अडाणी समजत होतो.

मॅडमना भेटून चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, "मी तेच सांगत होते." बाकी काही बोलल्या नाहीत. मी व्यवस्थापकांना दुसरं पत्र दिलं, पण काउंटरची जागा भरली होती. २०१६ मध्ये मॅडम आवक-जावकच्या टेबलावरूनच निवृत्त झाल्या.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला, त्यामुळे पुन्हा ठिकठिकाणी मशीनं बदलत आहेत. तुमच्या कार्यालयात हे चालू असेल तर बसवायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी तासभर शेजारी बसवून घ्या. काय अडतं ते नुसतं सांगू नका, खातेदार समोर उभा असताना दाखवा.