कुलूपबंद पेटी

माउली, आमच्या आबांच्या अडतीस कॅसेट होत्या. गावोगावची कीर्तने, घरचा हरिपाठ आणि काही नुसत्याच ओसरीवरच्या गप्पा. कॅसेट भरली की आबा तिच्या पाठीवर शाईने आकडा घालीत. त्यांच्या माघारी पेटी माझ्याकडे आली तेव्हा मी मोजल्या, तर सदतीसच भरल्या. तेविसावी नव्हती. ती कुणी नेली असेल याविषयी माझ्या मनात एक संशय होता. तो पुढे ओघात येईल.

भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला, त्याची वायर संगणकाला जोडली आणि एकेक कॅसेट वाजवून संगणकात उतरवून घेतली. बुरशी पुसायची, सैल पडलेली फीत पेन्सिल घालून गुंडाळायची, असे पंधरा दिवस चालले होते. पाच कॅसेट वाजता वाजताच तुटल्या. म्हणजे त्या पाचांतला आबांचा आवाज आता फक्त संगणकातच होता. सगळे मिळून चाळीस तास झाले. भाचा म्हणाला, “मामा, अडीच जीबीसुद्धा नाही भरत.” आबांचे निम्मे आयुष्य बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावले, याचे मला तेव्हा वाईटच वाटले होते.

आता हे जपायचे कसे? त्याआधीच एकदा हात पोळले होते. दिंडीचे नऊ वर्षांचे फोटो, वारकऱ्यांची यादी, भिशीचा आणि शिध्याचा हिशोब, सगळे मी एका मोठ्या कंपनीच्या खात्यावर ठेवले होते. फुकट मिळते, कुठूनही उघडते, म्हणून निर्धास्त होतो. २०२२ साली एका सकाळी खाते उघडेना. नियमभंग झाला म्हणे. कोणता नियम? मी चार वेळा पत्र लिहिले, चारही वेळा यंत्राने तेच उत्तर पाठवले. कुणाच्या दारात जाऊन उभे राहावे तर दारच नाही. ते फोटो गेले ते गेलेच.

तेव्हा भाचा म्हणाला, “मधला माणूसच काढून टाकू, मामा.”

त्याचे म्हणणे मला समजले तसे सांगतो. एरवी आपण निरोप पाठवतो तो आधी कंपनीच्या संगणकात जातो आणि तिथून समोरच्याला मिळतो. फोटो, फायली यांचेही तेच. काही सॉफ्टवेअर अशी आहेत की त्यांत हे मधले गोदामच नसते. माझ्या यंत्रातून थेट तुमच्या यंत्रात जाते, आणि जाताना असे कुलूप लागते की वाटेतल्या कुणाला वाचता येत नाही. किल्ली दोन टोकांना, फक्त आपल्यापाशी.

पहिल्यांदा आम्ही ब्रायर नावाचे ॲप घेतले, २०२३ च्या वारीत. आपण चालता, म्हणून आपल्याला सांगायला नको, दिवे घाटात लाखाची गर्दी झाली की फोनला रेंज उरत नाही. समोरचा चार दिंड्या सोडून असला तरी फोन लागत नाही. ब्रायर रेंज नसली तरी ब्लूटूथवर चालते, मात्र दहा-वीस पावलांपर्यंतच. इंटरनेट असले तर तिकडूनही जाते. नव्या माणसाला जोडायचे सोपे साधन म्हणजे दोघांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या फोनवरचा चौकोनी क्यूआर टिपायचा. लांबून जोडता येते, पण आम्ही आळंदीच्या मुक्कामीच अकरा जणांना असे समोरासमोर जोडून घेतले. हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात फोन, असा तो सोहळा पाहून आमचे विणेकरी बुवा खूप हसले.

घाटात गंमत झाली. आमचा सामानाचा ट्रक दोन कोस पुढे, आणि एका म्हाताऱ्या आजींची साखरेच्या गोळ्यांची पिशवी त्या ट्रकातच राहिली. भाच्याने ब्रायरच्या सामाईक फलकावर तसे लिहिले. त्याला ते फोरम म्हणतात. ब्लूटूथ काही दोन कोस पोचत नाही. पण आमच्यात पाण्याच्या टँकरबरोबर मोटारसायकलवर येजा करणारा एक पोरगा होता. तो आमच्याजवळ चहाला थांबला तेवढ्यात तो निरोप त्याच्या फोनमध्ये उतरला. तो पुढे ट्रकापाशी गेला तसा तिथल्या आचाऱ्याच्या फोनमध्ये गेला. पोराने फोन खिशातून काढलासुद्धा नव्हता. पुढच्या खेपेला आचाऱ्याने पिशवी त्याच्याच हाती धाडली, तेव्हा तो विचारतो, “ही कशाची?”

सामाईक फलकावरचे लिहिणे असे हातोहात पुढे सरकते. दोघांतला खाजगी निरोप मात्र तिसऱ्याच्या फोनवरून जात नाही, ज्याचा त्यालाच गाठावे लागते.

सगळे गोडच झाले असे नाही. संध्याकाळपर्यंत फोनची बॅटरी बसायची आणि मुक्कामी चार्जिंगला रांग. दोघांकडे आयफोन होते, त्यांवर हे ॲप चालत नाही, ते बाहेरच राहिले. आमचे एक टाळकरी वाल्ह्याला पासवर्ड विसरले. “कुणाला विचारू?” म्हणाले. विचारायला कुणीच नव्हते. कुलूप त्यांचे, किल्ली त्यांची, हरवलीही त्यांनीच. पुन्हा पहिल्यापासून सगळे जोडावे लागले. कंपनीवर चिडणारा मी त्या दिवशी जरा गप्प झालो.

कॅसेटींसाठी मात्र दुसरे साधन लागणार होते. भाच्याने सिंकथिंग बसवले. हे निरोपाचे नाही, फायली सांभाळायचे आहे. दोन संगणकांवर एकेक फोल्डर ठेवायचा. एकात काही घातले की दुसऱ्यात आपोआप जाते. प्रत्येक यंत्राला स्वतःची एक लांबलचक ओळख असते, सात-सात अक्षरांचे आठ गट. ती ओळख दोघांनीही एकमेकांची मान्य करावी लागते. एकट्याने हो म्हणून भागत नाही.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण मला ती ठेच लागून कळली. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. मी फोनमध्ये जागा करायला सातवी कॅसेट पुसली आणि ती लॅपटॉपवरूनही गेली. भाच्याने जुन्या प्रती राखून ठेवायची सोय आधीच चालू केली होती, म्हणून परत मिळाली. आपण कुणी वापरणार असाल तर ती सोय पहिल्याच दिवशी चालू करा. आणि फोनसाठीचे त्यांचे मूळ ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले आहे. स्वयंसेवकांनी चालवलेली दुसरी आवृत्ती आहे, पण मी आता संगणकावरच भर ठेवतो.

एक प्रत माझ्याकडे झाली. दुसरी दुसऱ्या गावी, दुसऱ्या छपराखाली हवी होती. भाचा बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला, “धाकट्या मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात संगणक दिवसभर चालू असतो.”

धाकटा भाऊ आणि मी नऊ वर्षे बोलत नव्हतो. कारण आपल्याला ओळखीचेच असणार. विहीर एक, पाण्याच्या पाळ्या दोन, आणि दुष्काळाचे साल. कुणाचे किती चुकले ते आता सांगत बसत नाही. माझेही होते. त्याच वर्षी तो हडपसरला निघून गेला. तेविसावी कॅसेट त्यानेच नेली, असे मी धरून चाललो होतो.

मी म्हणालो, “त्याच्याकडे नको. त्याने ऐकलेले मला चालणार नाही.”

लेकराने मला समजावायला हवे होते. पण त्याने दुसराच मार्ग काढला. सिंकथिंगमध्ये अशी सोय आहे की समोरच्याच्या संगणकावर तुमची प्रत राहते, पण कुलूप लावून. त्याला फायली किती आणि साधारण केवढ्या एवढेच कळते. नावेही वाचता येत नाहीत, नुसती अगम्य अक्षरे दिसतात. पासवर्ड फक्त तुमच्याकडे. हे करायचे तर यादीतल्या त्याच्या नावापुढे एका चौकटीत खूण करावी लागते. तिथे इंग्रजीत लिहिलेले असते, अनट्रस्टेड. म्हणजे ज्याच्यावर विश्वास नाही असा.

माउली, मी ती खूण केली. हात अडखळला नाही, उलट बरे वाटले. राखण तो करणार, वीज त्याची जळणार, आणि आतले काही त्याला मिळणार नाही. पासवर्डही मी मुद्दाम तसाच ठेवला. भांडणातल्या त्या विहिरीचे नाव आणि भांडणाचे साल.

भाचा हडपसरला गेला. धाकटा म्हणाला म्हणे, “दादाचे काहीतरी आहे ना? ठेव.” काय आहे, ते विचारलेही नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात आमच्या ओसरीवर पागोळ्या आत आल्या आणि लॅपटॉप भिजला. डिस्क गेली. पेनड्राइव्ह शोधला, तो दिंडीच्या सामानात कुठेतरी गहाळ झालेला. दुरुस्तीवाल्याने मान हलवली. आता आबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, धाकट्याच्या दुकानात, माझ्याच कुलपात.

नवा संगणक आणला. पण नव्या यंत्राची ओळख नवी, ती धाकट्याने मान्य केल्याशिवाय काही चालणार नव्हते. भाचा परीक्षेला बसलेला. मीच फोन लावला. नऊ वर्षांनी.

“बोल, दादा,” तो म्हणाला. जणू कालच बोललो होतो.

मी एकेक अक्षर सांगत गेलो, तो पडद्यावर पडताळत गेला. मान्य केले. मग मी पासवर्ड घातला. जुळेना. विहिरीचे नाव इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, ‘ट’ एकदा की दोनदा, शेवटी ‘आय’ की दोन ‘ई’, काही आठवेना. मी तोंडाने पुटपुटत होतो. पलीकडून तो सगळे ऐकत होता. चौथ्या की पाचव्या खेपेला तो हळू आवाजात म्हणाला, “दादा, आपण शाळेच्या वहीवर पत्ता लिहायचो तसे लिहून बघ. एकच ट.”

उघडले.

फायली एकामागून एक येऊ लागल्या. तो फोनवरच होता. मग म्हणाला, “वर्षभर ही पेटी माझ्याकडे आहे. रात्री दुकान बंद केले तरी मी संगणक चालू ठेवायचो, तुझे काही अडायला नको म्हणून. आहे काय रे त्यात?”

आपण माझ्या जागी असता तर काय सांगितले असते, मला ठाऊक नाही. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मी नुकतीच उतरलेली एक फाइल लावली आणि फोन संगणकाजवळ धरला. चौदावी होती. आबा पखवाज जुळवताहेत, मागे आईच्या बांगड्या, आणि एक लहान मूल चिपळी वाजवते आहे, ठेका सोडून. आबा दोनदा सांगतात, तिसऱ्यांदा हसू लागतात. ते मूल म्हणजे धाकटा.

त्याने फोन ठेवला नाही. बोललाही नाही. बाजू संपली तरी आम्ही दोघे तसेच होतो.

त्या रात्री सगळ्या फायली आल्या याची खात्री करून मी त्याच्या नावापुढची खूण काढली. ते एवढ्यावर भागत नाही. कुलपातली जुनी प्रत त्याच्याकडे काढून टाकून फोल्डर नव्याने उघडा वाटून घ्यावा लागतो. परीक्षा संपल्यावर भाच्याने दोन्हीकडे ते करून दिले. आता दोघांनाही घालता येते, दोघांनाही ऐकता येते.

चार दिवसांनी सकाळी काकड आरतीहून आलो आणि संगणक उघडला, तर फोल्डरमध्ये काहीतरी येत होते. मी काही घातले नव्हते. फाइल मोठी होती आणि दुकानाची लाइन धिमी, म्हणून शेकड्यात आकडा मुंगीसारखा सरकत होता. फाइलचे नाव नुसते दोन आकडे होते, दोन आणि तीन.

मी धाकट्याला फोन लावला. म्हणाला, “जाताना आबांनीच हातात दिली होती. बाकीच्या कधीच खराब झाल्या असतील, असे वाटायचे मला. इथे टेप मिळेना, कालच एकाकडून आणला.”

मी म्हणालो, “अजून बाराच टक्के आली आहे.”

“असू दे,” तो म्हणाला, “दुकान चालू ठेवतो.”