हद्दीचे दगड

बंगळूरच्या इंदिरानगरात आम्ही ज्या घरात राहतो, त्याची हद्द सांगणे मुळीच अवघड नाही. एका बाजूने ४० फूट, दुसऱ्या बाजूने ६० फूट. तीन दिशांना शेजाऱ्यांच्या भिंती आणि पुढे रस्ता. बंगळूर विकास प्राधिकरणाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही वसाहत वसविली, तेव्हा आधी कागदावर रेषा ओढल्या गेल्या आणि मग त्या रेषांच्या आत घरे उभी राहिली. येथील रस्त्यांची नावेसुद्धा मोजमापाचीच आहेत : शंभर फुटी रस्ता, ऐंशी फुटी रस्ता. जवळच हलसूर तलावापाशी केंपेगौडांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार बुरुजांपैकी एक बुरूज आहे. शहराची सीमा दाखविण्यासाठी ते चार बुरूज बांधले गेले, अशी लोकसमजूत आहे. शहराने ती सीमा केव्हाच ओलांडली. आमची वसाहतही त्या बुरुजाच्या पलीकडेच आहे.

रानातील जमिनीचे असे नसते. तेथे जमीन आधी असते, झाडे आधी असतात, माणसांची ये-जा आधी असते. कागदावरची रेषा फार उशिरा येते. हे मला पुस्तकातून कळले नाही. यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात घरासाठी जागा पाहू लागलो, तेव्हा कळले.

माझे माहेर बेळगावचे. त्यामुळे खानापूरचे रान मला लहानपणापासून परिचयाचे. लोंढ्याला गाडीतून उतरले, की जांभ्या दगडाची तांबडी माती, ऐन, किंजळ, जांभूळ यांची दाट झाडी आणि खाली कारवीचे गच्च जाळे. मलप्रभा नदी याच तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते. १ नोव्हेंबर १९५६ पासून हा मुलूख आजच्या कर्नाटकाचा भाग झाला. तेव्हापासून येथील पुष्कळ घरांत बोलणे मराठीत आणि कचेरीचे कागद कन्नडमध्ये, असा व्यवहार चालत आला आहे. पूर्वी कर्नाटकात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नसे. २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातील ती कलमे काढून टाकण्यात आली, म्हणून आमच्यासारख्यांना हा विचार तरी करता आला. महाराष्ट्रात आजही शेतजमीन घेण्यासाठी सामान्यतः मुळात शेतकरीच असावे लागते.

आम्हाला पसंत पडलेली जागा दीड एकराच्या आसपास होती. मालक दोघे भाऊ, नोकरीनिमित्त गोव्यात स्थायिक झालेले. जागेच्या पश्चिमेला जांभ्या दगडांचा जुना, शेवाळलेला बांध. त्याच्या अलीकडे एक सपाट तुकडा. तेथे एक भले मोठे जांभळीचे झाड आणि झऱ्याच्या पाण्यावर भरणारी दगडी डोण. “घर इथेच बांधायचे,” असे यजमान पहिल्याच दिवशी म्हणाले. मलाही दुसरे काही सुचले नाही.

तथापि झाडी असलेली जमीन घेताना शेजाऱ्याच्या हद्दीपूर्वी एक मोठी हद्द तपासावी लागते, ती म्हणजे वनाची. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात असे सांगितले, की ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशातील अर्थाप्रमाणे घ्यावा; मग जमीन कोणाच्याही मालकीची असो. म्हणजे सातबाऱ्यावर किंवा पहाणीवर खासगी नाव असले, तरी ती जमीन कायद्याच्या दृष्टीने वन असू शकते आणि तेथे घर बांधायचे तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. कर्नाटकात अशा ‘मानीव वना’ची यादी दीर्घकाळ वादात होती, २०२२ मध्ये राज्याने सुमारे ३.३० लाख हेक्टर क्षेत्र मानीव वन म्हणून निश्चित केले. आमचा सर्व्हे नंबर त्या यादीत नाही आणि वनखात्याच्या हद्दीलाही लागून नाही, याची लेखी खातरजमा होईपर्यंत आम्ही विसाराचा एक रुपयाही दिला नाही. या कामी चार महिने गेले. ते सत्कारणी लागले, असे मी म्हणेन.

मग जमिनीचे कागद पाहिले. महाराष्ट्रात जसा सातबारा, तशी कर्नाटकात ‘पहाणी’. तिच्यावर मालकाचे नाव, क्षेत्र, पीक आणि ‘खराब’ यांची नोंद असते. हा ‘खराब’ शब्द नवख्याला चकवतो. ‘अ’ खराब म्हणजे खडकाळ, लागवडीस निरुपयोगी, पण मालकाचीच जमीन. ‘ब’ खराब म्हणजे ओढा, पायवाट, सार्वजनिक वापराची जागा. ती मालकाच्या नंबरात दिसली, तरी सरकारची असते. विक्रेत्यांनी ६४ गुंठे सांगितले होते. त्यांतील चार गुंठे पूर्वेच्या ओढ्याचे, ‘ब’ खराब निघाले. उरले ६० गुंठे, म्हणजे दीड एकर.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद एवढी जागा. हे माप कोठून आले, याचे मला कुतूहल होते. जुन्या मुंबई इलाख्यात महसुली मोजणीसाठी ३३ फुटांची साखळी वापरीत आणि तिचे रुपयासारखे सोळा ‘आणे’ पाडीत. साखळीच्या मापाचा चौरस तो गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. बेळगाव जिल्हा त्या इलाख्यात होता, म्हणून येथील रानाच्या हद्दीही त्याच साखळीने बांधलेल्या. मोजणीदार साखळी घेऊन काट्याकुट्यांतून कसा गेला असेल, पावसाळ्याआधी काम उरकण्याची त्याला किती घाई असेल, असे विचार जुने टिप्पण पाहताना मनात येत. टिप्पण म्हणजे मोजणीच्या वेळी काढलेले कच्चे रेखाटन. त्यावरील आकडे मात्र अजूनही प्रमाण मानले जातात.

जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली होती. पूर्वेस ओढा, उत्तरेस पायवाट, दक्षिणेस अमक्याची जमीन आणि पश्चिमेस ‘दगड’. कोणता दगड? विक्रेत्या भावांनी बांधाकडे बोट दाखविले. पण बांध आणि दगड या दोन वस्तू आहेत, एवढे आम्हाला समजत होते. म्हणून खरेदीपूर्वीच मोजणीचा अर्ज करायला लावला. कर्नाटकातील मोजणीच्या संगणकीय व्यवस्थेचे नाव ‘मोजिणी’ आणि हद्द कायम करण्याच्या कामाला म्हणतात ‘हद्दुबस्तु’. शासन कन्नड, शब्द आपल्याच घरातले!

मोजणीपूर्वी लगतच्या जमीनधारकांना नोटीस जाते. पश्चिमेच्या शेजाऱ्यांना ती मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी गावातून निरोप आला, की आबा मोजणी होऊ देणार नाहीत. आबा सत्तरी ओलांडलेले. त्यांना सारे गाव याच नावाने हाक मारते. आम्ही त्यांच्या अंगणात गेलो, तेव्हा ते नोटिशीचा कागद घडी घालून बंडीच्या खिशात ठेवून बसले होते. मराठी चौथीपर्यंत शिकलेले. कन्नड अक्षर ओळखीचे नाही. कागदावर शिक्का आहे, आपले नाव आहे आणि सर्व्हे नंबर आहे, एवढे त्यांना आकड्यांवरून उमगले होते. त्यावरून त्यांनी एकच अर्थ काढला होता.

बंगळुरात इतकी वर्षे काढल्यामुळे मला कन्नड वाचता येते. मी तो कागद मागून घेतला आणि ओळीओळीने वाचून मराठीत सांगितला. ‘हद्दुबस्तु’ हा शब्द येताच त्यांनी हात वर करून मला थांबविले.

“हद्दुबस्त म्हंजे हद्द कायम करायची, न्हवं?”

“होय आबा. तुम्ही हजर राहावे म्हणून कळविले आहे.”

“मग तसं सांगायचं की ताई. मला वाटलं, जागा काढून घेत्यात.”

त्यानंतर चहा आला. मोजणीच्या दिवशी सर्वांत आधी हजर झाले ते आबाच.

मोजणीचे यंत्र आता साखळीचे नाही. उपग्रहाचा संदेश घेऊन जागा दाखविणारी उपकरणे आली आहेत. पण दाट झाडीखाली तो संदेश नीट पोहोचत नाही. आणि दुर्बिणीच्या यंत्राला दोन बिंदूंमध्ये मोकळी नजर लागते. झाड तोडायचे तर १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी हवी. म्हणून मोजणीदार केवळ कारवी बाजूला सारून, वळसे घेत, एका ठावठिकाण्यावरून दुसऱ्यावर जात होता. आरंभ कोठून करायचा हाच पहिला प्रश्न होता. नकाशाप्रमाणे तीन नंबर जेथे मिळतात तेथे एक दगड असायला हवा होता. तो दिसेना. आबांनी विळ्याने पाचोळा बाजूला केला, हातभर माती उकरली, आणि खाली घडीव दगडाचे डोके दिसले.

त्या दगडावरून मोजत गेल्यावर आमच्या पश्चिमेची रेषा बांधावर आली नाही. ती बांधाच्या पलीकडे २२ फूट निघाली. सुमारे ३०० फूट लांब आणि २२ फूट रुंद अशी पट्टी, म्हणजे सहा गुंठ्यांहून किंचित अधिक, कागदाप्रमाणे आम्ही घेणार असलेल्या जमिनीत होती आणि प्रत्यक्षात आबांच्या वहिवाटीत. आमच्या इंदिरानगरात तेवढ्यात ४० बाय ६० च्या पावणेतीन साइट बसतील! त्या पट्टीत आबांची काजूची झाडे होती आणि त्यांच्या पूर्वजांचा शेंदूर लावलेला दगड होता. झऱ्याचे उगमस्थानही तेथेच होते.

विक्रेते भाऊ खूश झाले. यजमानांचा चेहराही उजळला. आबा मात्र शांतपणे म्हणाले, “दगड खरा हाय. पर बांध बी खरा हाय. आमच्या आज्जानं बांध घातला, तवा ह्यांच्या आज्जानंच धोंडे वाहून दिले. त्या बदल्यात आमच्यातनं वाट घेतली त्यांनी.”

ती वाट म्हणजे आम्ही ज्या वाटेने गाडी घेऊन जागेपर्यंत आलो होतो, तीच. आठ फूट रुंद, साडेतीनशे फूट लांब, आबांच्या नंबरातून जाणारी. उत्तरेची पायवाट केवळ माणसांपुरती. म्हणजे कागद धरून पट्टी घ्यायची ठरविली, तर कागद धरूनच आबा वाट बंद करू शकत होते. दोन आजोबांनी तोंडी केलेली अदलाबदल दोन पिढ्या सुरळीत चालली होती. ती कोणत्याच नकाशावर नव्हती. क्षेत्राने ती समसमान नव्हती हे खरे. पण ज्याला वाट नाही त्याला वाटेचे मोल किती, हे त्या दोघांनी मोजणीदाराला न विचारता ठरविले होते.

त्या रात्री बेळगावला माहेरी आमचा वाद झाला. यजमानांचे म्हणणे असे, की पट्टीसकट खरेदी करावी, आबांना जन्मभर वापरू द्यावी. तक्रार कोण करणार आहे? शिवाय जागा घेतल्यावर तिच्यावरील हक्क सोडायला सांगणारा कायदा नाही. स्नेही वकिलांनी त्यांना दुसरी बाजू सांगितली होती : कोणी मालकाविरुद्ध उघडपणे बारा वर्षे ताबा ठेवला, तर मुदतीच्या कायद्याने मालकाचा दावा बुडू शकतो, असा झगडा वर्षानुवर्षे चालतो. माझी अडचण निराळी होती. मी म्हटले, “आपण आबांना ओळखतो. आपली मुले हा कागद वाचतील. त्यात बांध नाही आणि वाटही नाही. ती दोन्ही कागदावर आल्याशिवाय घ्यायला नको.” यजमान बराच वेळ बोलले नाहीत. सपाट तुकड्यावरील घराचा आराखडा त्यांनी स्वतः आखला होता, आणि त्या घराचा मागचा भाग झऱ्याच्या उगमापर्यंत नेण्याचे त्यांच्या मनात होते.

आम्ही अट घातली, की आधी दोन्ही भावांनी आणि आबांनी अदलाबदलीचा दस्त नोंदवावा : पट्टी आबांना, वाट भावांना. त्यानंतर बांधापर्यंतची जमीन वाटेसह आम्ही घेऊ. थोरल्या भावाला हे पटेना. सहा गुंठे देऊन अडीच गुंठे घ्यायचे, हा कसला व्यवहार, असे तो म्हणे. दुसरे गिऱ्हाईक पाहतो, असेही त्याने कळविले. दोन गिऱ्हाइके येऊन गेली. दोघांनीही पहिला प्रश्न वाटेचा विचारला. अखेर चौदा महिन्यांनी तो तयार झाला. पुन्हा मोजणी, पुन्हा नकाशे. कर्नाटकात नंबराचा भाग विकताना जो ‘११-ई’ नकाशा लागतो, तो दोन्ही बाजूंचा काढावा लागला. आमचे ६० गुंठे साडेछपन्न झाले. घराची जागाही उताराकडे सरकली.

दस्ताचा मसुदा कन्नडमध्ये होता. दस्तलेखकाच्या टेबलापाशी आबा माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, तुमीच वाचा.” मी वाचले. सर्व्हे नंबर, क्षेत्र, चारी दिशा, बांधावर बसवायच्या पाच दगडांमधील अंतरे. ते डोळे मिटून ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, “डोणीचं लिवलंय काय त्यात?”

लिहिलेले नव्हते. झरा आता आबांच्या बाजूला गेला होता, डोण आमच्या. गुरे मात्र दोन्हीकडची तेथेच पाणी पीत. दस्तलेखकाने थोडी कुरकुर केली, मग कागद पुन्हा यंत्रात घातला, आणि झऱ्याचे पाणी डोणीपर्यंत येऊ द्यावे व डोणीवर दोन्हीकडच्या गुरांना येऊ द्यावे, अशी एक ओळ वाढविली. मी ती मोठ्याने वाचून दाखविली, आणि आबांनी मराठीत सही केली.