छपराचे वाटेकरी

आमच्या घराला एक छप्पर नाही, तीन आहेत. रस्त्याकडच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे. तो सासऱ्यांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून टाकला. मधला भाग त्यांच्या वडिलांच्या काळचा. त्यावर अजून कवेलू आहेत. आढे पूर्व-पश्चिम, एक उतार उत्तरेला, एक दक्षिणेला. मागच्या स्वयंपाकघरावर टिनाचे पत्रे. तिथले कवेलू माकडांनी इतक्या वेळा फोडले की शेवटी पत्रे टाकणेच स्वस्त पडले. भंडाऱ्यातली जुनी घरे अशीच वाढलेली असतात. ज्याच्या हातात ज्या वर्षी पैसा आला, त्याने त्याच्यापुरते छप्पर बदलले. घर एक राहिले, छपरे मात्र पिढ्यांप्रमाणे वेगळी झाली.

या तीन छपरांवर सोलर बसवावे की नाही, हा प्रश्न आमच्या घरात गेले वर्षभर चालला. आधी वाटले होते की हा पैशाचा प्रश्न आहे. मग वाटले, विज्ञानाचा आहे. शेवटी तो निघाला हक्काचा. म्हणून हे लिहिते आहे.

योजना बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. पंतप्रधान सूर्यघर योजना १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. देशातल्या एक कोटी घरांवर सौर पॅनल बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान. सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्येच राज्यातले पहिले सौरग्राम ठरली, ही बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवते. आमच्याकडे सौर ऊर्जेला ‘शमसी तवानाई’ म्हणतात. नाव मोठे रुबाबदार आहे. पण ‘मॅडम, आपके घर पे है क्या?’ असे एका मुलीने विचारले, तेव्हा त्या रुबाबाला काही उत्तर सापडेना.

मग हिशेबाला बसले. वर्षभराची बिले काढली. डिसेंबर-जानेवारीत नव्वद-पंच्याण्णव युनिट, आणि कूलर सुरू झाला की मे महिन्यात दोनशे नव्वद. बारा महिन्यांची बेरीज २,०६० युनिट. एक किलोवॅटचे पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतात, म्हणजे वर्षाला सुमारे १,४६०. दोन किलोवॅटमध्ये आमचे घर आरामात भागते. घरी आलेले दोन्ही विक्रेते मात्र तीन किलोवॅटच घ्या म्हणत होते. कारण एकच, ‘मॅडम, पूरी सबसिडी मिलेगी.’ जास्त अनुदान मिळावे म्हणून गरजेपेक्षा जास्त विकत घेणे ही कुठली बचत? नेट मीटरमुळे दुपारची शिल्लक वीज पुढच्या बिलांत वळती होते हे खरे. पण वर्षाअखेर जी उरते तिचा जो मोबदला मिळतो, तो आपण विजेला मोजतो त्या दरापेक्षा खूप कमी असतो. आपल्याला घर चालवायचे आहे, वीज विकायची नाही.

दोन किलोवॅटला साधारण दोनशे चौरस फूट मोकळी, उन्हाची जागा लागते. पुढचा स्लॅब १४ बाय २४ फुटांचा, म्हणजे ३३६ चौरस फूट. कागदावर जागा भरपूर. पण छप्पर कागदावर नसते, शेजाऱ्यांच्या मध्ये असते. दक्षिणेला सहा फुटांचा बोळ आणि त्यापलीकडे शेजाऱ्यांचे दुमजली घर. त्याचा कठडा आमच्या स्लॅबपेक्षा दहा फूट उंच. पॅनलमधले सेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. माळेतल्या थोड्या मण्यांवर सावली पडली तरी बाकीच्यांचा प्रवाह अडतो. त्यामुळे ‘थोडीशीच सावली येते’ या बोलण्यात अर्थ नसतो.

सावली मोजण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. जुहर संपून असर केव्हा सुरू होते, हे घड्याळे नव्हती तेव्हा सावलीवरूनच ठरत असे. दुपारी सूर्य माथ्याच्या रेषेवर असताना वस्तूची जी सर्वांत छोटी सावली असते ती ‘साया-ए-असली’. ती वजा करून, सावली वस्तूच्या एकपट झाली की शाफई असर, दुप्पट झाली की हनफी. माझे आजोबा अंगणात काठी रोवून हे दाखवत. मी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्लॅबवर तीन फुटांची काठी उभी केली. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास तिची सावली जवळजवळ तीन फूटच भरली. भंडारा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला इथे भर दुपारी सूर्य पंचेचाळीस अंशांवरच असतो, म्हणून सावली उंचीएवढी. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या दहा फूट कठड्याची सावली दहा फूट. त्यातले सहा बोळात गेले, चार आमच्या स्लॅबवर पडले. सकाळी नऊच्या सुमारास तीच सावली तेरा फुटांवर जाते, म्हणजे स्लॅबवर सात फूट. दक्षिणेकडची सात फुटांची पट्टी सोडून दिली की उरतात १७ बाय १४ फूट, २३८ चौरस फूट. त्यातून पाण्याची टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात सरकवली की चार पॅनल बसतात. हे काम मी नववीच्या मुलांना ‘मुतशाबेह मुसल्लस’, म्हणजे समरूप त्रिकोण शिकवताना करून घेतले. अख्ख्या वर्गाने माझ्या घराची सावली फळ्यावर काढली.

कवेलूंच्या दक्षिण उतारावर विक्रेत्यांचा डोळा होता. सर्वांत चांगले ऊन तिथेच पडते. उत्तरेचा उतारही वाटतो तितका वाईट नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेलाच असतो. पण थंडीत उत्तरेचा उतार ओस पडतो. आणि दोन्ही उतारांची अडचण एकच. कवेलूंवर माणूस उभा राहू शकत नाही, पॅनल कसे राहणार? ‘निकाल के टिन डाल दो,’ असे दोघांनीही सुचवले. त्या कवेलूंखाली अम्मींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, खोली आहे. विदर्भातला मे महिना ज्यांनी टिनाखाली काढला आहे त्यांना मी काय सांगणार? वीज वाचवण्यासाठी थंड खोली तापवायची आणि मग तिथे दुसरा कूलर लावायचा, हा हिशेब पाचवीतला मुलगाही चुकीचा ठरवील. मागच्या टिनावर कडुनिंबाची सावली आहे आणि माकडांचा रस्ता आहे. तिथला प्रश्नच नव्हता.

आणखी दोन गोष्टी सांगते, कारण विक्रेते त्या सांगत नाहीत. पॅनलला ऊन हवे, पण उष्णता नको. त्याची ताकद मोजलेली असते पंचवीस अंश तापमानाला. मे महिन्यात पॅनल पासष्ट अंशांपर्यंत तापला तर उत्पादन दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते. म्हणून तो छपराला चिकटवून नव्हे, खालून हवा खेळेल असा उंचावर बसवावा. दुसरे म्हणजे, लाइट गेली की साधे सोलरही बंद होते. अम्मींना हे पटेना. ‘ऊपर धूप है, और नीचे अंधेरा?’ कारण तारेवर काम करणारा लाइनमन. आपल्या छपरावरून वीज उलटी तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून वरची वीज गेली की यंत्र स्वतःहून थांबते. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी घ्यावी लागते आणि खर्च बराच वाढतो. हे ऐकल्यावर अम्मी म्हणाल्या, ‘किसी के बच्चे की जान है, तो बंद ही अच्छा.’

इथपर्यंत विज्ञान होते. अर्ज भरायला घेतला तेव्हा कळले की बिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. दर महिन्याला त्यांच्या नावाचे बिल येते आणि आम्ही ते भरतो. मीटर दुसऱ्याच्या नावावर करायचे तर सगळ्या वारसांची संमती हवी. वारस चार. अम्मी, नागपूरला असलेले माझे जेठ, माझे पती आणि तुमसरला दिलेली नणंद, आपा.

भाईजान फोनवर म्हणाले, ‘आपा की सही की क्या ज़रूरत? उसने तो कब का माफ कर दिया है.’

वाचकहो, हे वाक्य आपल्या किती घरांत ऐकू येते! १९३७ च्या शरीअत कायद्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. मुलीला बापाच्या मालमत्तेत हिस्सा देणारा धर्म म्हणून व्यासपीठावरून सांगतो. आणि घरी आल्यावर तो हिस्सा बहिणीने ‘माफ’ केलेला असतो. केव्हा केला, कुणासमोर केला, तिला कुणी विचारले होते का, हे कुणाच्या लक्षात नसते. लग्नात दिलेले सामान, बाळंतपणाला केलेला खर्च, ईदेला पाठवलेले कपडे, या सगळ्यांची बेरीज करून हिस्सा फिटला असे भाऊ ठरवतात. माहेर तुटेल या भीतीने बहीण गप्प राहते. त्या गप्प राहण्यालाच आपण माफी म्हणतो.

हिशेब अवघड नव्हता. सूरह निसामध्ये हिस्से ठरवून दिलेले आहेत. सासऱ्यांचे आई-वडील आधीच वारलेले. मुले आहेत म्हणून पत्नीला एक अष्टमांश. उरलेल्या सात अष्टमांशांत मुलाला दोन भाग, मुलीला एक. घराचे चाळीस भाग केले तर अम्मींचे पाच, भाईजानचे चौदा, माझ्या पतीचे चौदा, आपाचे सात. मी हे वहीच्या पानावर मांडले तेव्हा अम्मी रडायला लागल्या. ‘मेरे जीते जी नाप-जोख मत करो, बेटा.’ त्यांच्या मनात बटवारा म्हणजे भिंत. त्यांनी त्यांच्या माहेरी ती भिंत उभी राहताना पाहिली होती.

मी म्हटले, अम्मी, छप्पर मोजायलाच हवे. त्याच्यावर जे लोखंड बसेल ते पंचवीस वर्षे राहील. उद्या आपाच्या मुलांनी विचारले की आमच्या आईच्या छपरावर हे कुणी, कुणाला विचारून बसवले, तर काय सांगायचे?

शेवटी आपाला बोलावले. रविवारी ती तुमसरहून आली, भाईजान नागपूरहून आले. जेवणे झाल्यावर मी वही तिच्यासमोर ठेवली. तिने बराच वेळ पाहिले. आपा सातवीपर्यंत शिकलेली आहे, पण हिशेबाला पक्की. मग म्हणाली, ‘भाभी, प्लेट लगाओ, मेरी खुशी है. पर मेरे सात लिख के लगाओ.’

भाईजानचा चेहरा उतरला. ‘तुझे चाहिए था तो पहले बोलती.’

‘पहले किसी ने पूछा कहाँ?’ आपा शांतपणे म्हणाली.

त्या खोलीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग अम्मीच म्हणाल्या, ‘लिखो.’

कागद मी लिहिला, मराठीत आणि उर्दूत. घराचे चाळीस भाग कुणाचे किती हे त्यात आहे. अम्मी आहेत तोपर्यंत वाटणी करायची नाही, हेही आहे. मीटर अम्मींच्या नावावर होईल. पॅनलचा खर्च आम्ही करू. पुढे घर विकले किंवा वाटले तर पॅनल आमचे, छप्पर सगळ्यांचे. चौघांनी सह्या केल्या. आता वकिलाला दाखवून तो पक्का करून घ्यायचा आहे. भिंत उभी राहिली नाही. उलट जाताना आपाने पहिल्यांदाच, ‘मेरे हिस्से के कवेलू बारिश के पहले फिरवा देना,’ असा हुकूम सोडला.

राहिला पैसा. दोन किलोवॅटचे कोटेशन १,३०,००० रुपयांचे, त्यात अनुदान ६०,०००. पण अनुदान सगळे बसून झाल्यावर खात्यात येते. आधी पूर्ण रक्कम द्यावी लागते. बँकेचे कर्ज विनातारण मिळते, पण दर कमी असला तरी त्यावर व्याज आहे, आणि व्याज अम्मींना या घरात नको. त्यावर घराघरात मते वेगळी असतील. ज्या घराच्या छपराखाली त्या राहतात तिथे त्यांचे मत मी मोडणार नाही. शाळेतल्या आम्ही चौदा जणी दरमहा पाच हजारांची भिशी चालवतो. माझा नंबर आला की ७०,०००. वर शिलकीतले ६०,०००, जे अनुदान आल्यावर परत शिलकीत जातील. वर्षाला बिल बावीस हजारांच्या आसपास येते. स्थिर आकार चालूच राहणार, तरी चार वर्षांत पैसे वसूल होतील.

तेव्हा निर्णय झाला. चार पॅनल, फक्त पुढच्या स्लॅबवर. कवेलूंना हात लावायचा नाही. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचे पाणी भंडाऱ्याच्या वस्त्यांत शिरले होते, ते आठवून इन्व्हर्टर भिंतीवर छातीच्या वर बसवायचा. राइस मिलच्या भुशाची राख बसते, म्हणून आठवड्याला एकदा पॅनल धुवायचे, पहाटे, थंड असताना.

अम्मींची एकच तक्रार उरली होती. त्या मिरच्या आणि कुरडया वाळवतात तो स्लॅब. त्यांच्यासाठी मी दक्षिणेकडची सोडलेली सात फुटांची पट्टी चुन्याने आखून दिली. थंडीत तिथे सावली असते, म्हणून ती पॅनलच्या कामाची नाही. मार्च ते मे सूर्य वर चढतो, कठड्याची दुपारची सावली बोळातच संपते आणि त्या पट्टीवर भरपूर ऊन पडते. मिरच्या वाळतात त्याच महिन्यांत.