संघात नाव नाही

"संघात नाव नाही ना, मग प्रमाणपत्र कशाचं?" आंतरशालेय वादविवाद स्पर्धेचा बक्षीस समारंभ आटोपल्यावर आयोजकांच्या टेबलाशी ऐकलेलं हे वाक्य मला अजून सलतं. टेबलावर कोऱ्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा होता, शिक्का होता, सही करणारे सर शेजारीच चहा घेत होते.

मी आमच्या शाळेची माजी विद्यार्थिनी. नोकरी सांभाळून संध्याकाळी वादविवादाच्या मुलांना वेळ देते. खरा सराव मराठीच्या बाई घेतात. मी कात्रणं जमवते, घड्याळ लावते, मुलांना स्पर्धेला घेऊन जाते.

त्या वर्षीचा विषय होता, कमी पटाच्या शाळा बंद करणे विद्यार्थ्यांच्या हिताचे आहे. बऱ्याच स्पर्धांत संघातला एक जण अनुकूल बोलतो, दुसरा प्रतिकूल. इथे अख्ख्या संघाला एकच बाजू होती आणि चिठ्ठीत आम्हाला प्रतिकूल आली. नववीतली दोन मुलं निवडली. शिक्षण हक्क कायदा २००९चा, पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी, हे सगळं त्यांनी भराभर पाठ केलं. पण पाठांतरावर उलटा प्रश्न आला की मुलं गडबडतात. म्हणून बाईंनी आठवीतल्या एका मुलीला सांगितलं, तू रोज यांच्याविरुद्ध उभं राहायचं.

ही मुलगी वाडीवरून येते. तिची जिल्हा परिषदेची शाळा वीसच्या आतल्या पटाची. ती बंद होणार अशी कुजबुज वाडीत सतत चालायची आणि तिचा धाकटा भाऊ तिथेच शिकत होता. तिला बोलायचं होतं ते मात्र शाळा बंद करा म्हणून. पहिल्या संध्याकाळी ती अडखळली, डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या संध्याकाळी उभी राहिली आणि म्हणाली, "शाळेत आम्ही मुली पाचच होतो. कबड्डीला सात लागतात. चौथीपर्यंत मी कबड्डी खेळलेच नाही. ही शाळा चालू ठेवून माझं काय हित झालं, सांगा."

दोघंही गप्प. कायद्याच्या कलमात याला उत्तर नव्हतं. पुढे काही दिवस ती दोघं रोज नवा मुद्दा आणायची आणि ही तो खोडून काढायची. 'खेळ म्हणजे काही शिक्षण नव्हे' असं एकाने म्हटलं तेव्हा तर ती चिडलीच. अखेर उत्तर सापडलं ते तिच्याशी भांडता भांडताच. खेळायला केंद्रातल्या शाळा आठवड्यातून एकदा एकत्र आणता येतील. पण पावसाळ्यात ओढा भरला की पहिलीतल्या पोराला रोज पलीकडे कोण नेणार? ओढ्याची गोष्ट तिच्याच तोंडून निघाली होती, भावाबद्दल बोलताना. बाईंनी ती लगेच फळ्यावर लिहून घेतली.

स्पर्धेत समोरच्या संघाने नेमका तोच मुद्दा काढला, सवंगडीच नसतील तर मूल वाढणार कसं? आमच्या मुलाने खंडनाला उठून केंद्रातल्या शाळा आणि ओढा असा मांडला की टाळ्यांमध्ये सूचक घंटाही ऐकू आली नाही. परीक्षकांनी मनोगतात त्या उत्तराचा वेगळा उल्लेख केला. फिरता चषक आमच्याकडे आला. ती मागच्या रांगेत सगळ्यांची दप्तरं सांभाळत बसली होती.

मी टेबलाशी गेले ते तिच्यासाठीच. राखीव स्पर्धक म्हणून लिहा म्हटलं, तर राखीवची नोंद नियमात नाही. सहभागाचं द्या म्हटलं, तर ती मंचावर बोललेली नाही. 'ज्या उत्तराचं परीक्षकांनी कौतुक केलं ते हिच्यामुळे तयार झालं' म्हटलं, तर, "मॅडम, असं प्रत्येक शाळा सांगेल." सांगू दे ना! प्रत्येक शाळेत असं एखादं मूल असेल तर ती आनंदाची गोष्ट आहे. शाळेच्या गुणगौरव समारंभातही तेच झालं. संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापक, चषक धरलेली दोन मुलं, सगळ्यांचा फोटो निघाला. बाई खाली मुलांच्या रांगा लावत होत्या. मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव सूत्रसंचालकाच्या कागदावर नव्हतंच.

पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. इतकी जुनी बोलण्याची परंपरा आपली, आणि वक्त्यामागे कोण होतं हे विचारायची रीत आपण पाडली नाही. अमेरिकेत शाळकरी वादविवादाची नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन ही संस्था १९२५पासून आहे. तिथे फेरी जिंकली तर मुलाच्या खात्यावर ६ गुण जमा होतात आणि हरली तरी ३. मुलाच्या गुणांचा दहावा हिस्सा प्रशिक्षकाच्या नावावर चढतो. हे कळलं तेव्हा मला हेवा वाटला. हरलेल्याची नोंद, शिकवणाऱ्याची नोंद! पुढे शंकाही आली, की आपल्याकडे असं खातं उघडलं तर पालक पहिल्या दिवसापासून बेरजा करत बसतील.

आणि मी टेबलाशी ज्यासाठी भांडले, ते पुढच्या वर्षी शाळेच्या अंतर्गत स्पर्धेत करून पाहिलं. वेळ नोंदवणारी मुलं, घंटा वाजवणारे, खुर्च्या लावणारे, सरावाला आलेले, सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली. नावांची यादी वाचता वाचता सभागृह कंटाळलं. निम्मी प्रमाणपत्रं बाकांवरच राहिली. ते बघून मला वाटलं, आयोजकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

तरी त्या मुलीच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. सगळ्यांना वाटण्यापेक्षा परीक्षकांनी विजेत्या संघाला मंचावर एवढंच विचारावं, सरावात तुमच्याविरुद्ध कोण लढलं, तयारी कोणी करून घेतली? ते नाव तिथेच माइकवर घ्यावं. मिनिटभराचं काम आहे. 'मुलांना बक्षिसाची हाव नको' असं सांगणारे बहुधा स्वतः मंचावर बसलेले असतात. परतताना एसटीत मी तिला विचारलं होतं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, "ताई, मला फक्त चषक हातात धरून फोटो काढायचा होता." फोटो काढला, तिथेच, चालत्या गाडीत. हलला आहे.

यंदा ती संघात आहे. सरावात विरुद्ध बाजूने कोणी उभं राहायचं यावरून मुलांत रोज भांडण होतं, म्हणून बाईंनी पाळ्या लावून दिल्या आहेत. प्रवेश अर्जात तिसऱ्या नावाचा रकाना ठेवा, असं पत्र मी आयोजकांना पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही. अर्ज भरायच्या तारखेआधी स्वतः जाऊन भेटणार आहे.