सांगणारीचं नाव

आमच्या महाविद्यालयात कथाकथनाचा ऑनलाइन वर्ग मी घेते. मुलं गावोगावी विखुरलेली. कुणी किनवटला, कुणी कणकवलीला, कुणी पुण्यात नोकरी सांभाळून रात्री हजर होणारं. या सगळ्यांना बांधून ठेवतं ते दर रविवारी मी पाठवते ते पत्र. त्यात वर कामाचं : काय वाचायचं, कुणाची गोष्ट सांगायची राहिली, शेवटची तारीख कोणती. खाली ‘या आठवड्यात सापडलेलं’. मुलं खालचा मजकूर आधी वाचतात आणि वरचं मला फोन करून विचारतात.

पहिला शोध वर्गातच लागला. ऑनलाइन गोष्ट काही केल्या रंगेना. सगळ्यांचे माइक बंद, त्यामुळे सांगणारा गडबडून जायचा आणि गोष्ट कशीबशी उरकायचा. एकदा एका मुलीची आजी शेजारी बसून ऐकत होती. न राहवून म्हणाली, “अगं, हूं कोण म्हणतंय? कुणी हूं नाही म्हटलं तर गोष्ट पुढं सरकेल कशी?” त्या रविवारी पत्रातून फर्मान निघालं : प्रत्येक गोष्टीला एकाने माइक चालू ठेवून हुंकार द्यायचा. मग सांगणारे थांबायला शिकले, ‘पुढे काय झालं असेल?’ असं विचारायला लागले. हुंकार देण्यासाठी आता नंबर लागतात.

मग पंचतंत्रातल्या मुंगसाची गोष्ट आली. बाळाजवळ आलेल्या सापाला मुंगूस मारतं; त्याच्या तोंडाला लागलेलं रक्त पाहून बाळाची आई त्याचाच जीव घेते. हीच गोष्ट वेल्समध्ये राजपुत्र लेवेलिन आणि त्याचा कुत्रा गेलर्ट यांच्या नावावर आहे. तिथे सापाऐवजी लांडगा. बेडगेलर्ट गावात त्या कुत्र्याची समाधीही दाखवतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्याच एका खाणावळवाल्याने ती उभारली, असं मानलं जातं. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं आणि तिथून त्यातल्या गोष्टी युरोपभर पांगल्या. हे वाचून एकाने लिहिलं, “म्हणजे मॅडम, मुंगूस आपलं मेलं आणि धंदा त्यांचा चालला!”

पण सगळ्यात जास्त बोलणं झालं ते ‘ओल्ड डेक्कन डेज’वर. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिचं हे पुस्तक 1868 साली लंडनला निघालं. 1865-66च्या हिवाळ्यात ती वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. सोबतीला तिची आया, ॲना लिबेराता डिसूझा. मुक्कामाला मुक्काम पडत गेले, तशा ॲनाने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या आणि मेरीने त्या उतरवून घेतल्या. पहिल्याच गोष्टीत एका मांत्रिकाचा जीव हिरव्या पोपटात असतो. कणकवलीचा मुलगा लगेच म्हणाला, “ही तर आमच्या घरातली, फक्त आमच्याकडे मांत्रिकाच्या जागी राक्षस आहे.”

मुखपृष्ठावर नाव मात्र मेरीचं. तिने एक गोष्ट चांगली केली : ॲनाची स्वतःची कहाणीही तिच्याच तोंडून घेऊन पुस्तकात छापली. म्हणून तर दीडशे वर्षांनंतर ती आया आपल्याला नावानिशी भेटते. एरवी लोककथांच्या किती संग्रहांत ‘एका म्हातारीने सांगितलेली’ एवढ्यावरच भागवलेलं असतं.

तेव्हापासून वर्गात गोष्ट जमा करताना पहिली ओळ ठरलेली : सांगणारीचं नाव, गाव, तिने ती कुणाकडून ऐकली. ज्या मुलीच्या आजीने हुंकाराची आठवण करून दिली, तिने आजीचं नाव विचारलं, तर आजी म्हणाली, “माहेरचं सांगू की सासरचं? गोष्ट माहेरची आहे.” मुलीने दोन्ही लिहिली.

तुमच्याही घरात गोष्टी सांगणारं कुणी असेल, तर आज फोनवर त्यांचा आवाज टिपून घ्या. ऐकताना हूं म्हणा. आणि ती फाइल ‘आजीची गोष्ट’ म्हणून ठेवू नका. आजीचं पूर्ण नाव घाला.