काळी दोन

बँड फुटला की गाण्यांची वाटणी होते, आणि ती शेताच्या वाटणीइतकीच किचकट असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द वेगळे, चाल वेगळी आणि ध्वनिमुद्रण आणखी वेगळं. आमचा पुण्यातला बँड थांबला तेव्हा भांडण असं झालंच नाही. एकाला बंगळुरात नोकरी लागली, एकाला बाळ झालं. शब्द माझे होते, ते माझ्याकडे आले. चाली गिटारवाल्याच्या होत्या, त्या त्याच्याकडे राहिल्या. म्हणजे ‘सोलो’ गायचं ठरवलं तेव्हा माझ्या हातात चाल नसलेल्या ओळींची एक वही होती.

असं होणारा मी पहिला नव्हे. द स्मिथ्स हा बँड १९८७मध्ये मोडला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा गायक मॉरिसीचा पहिला एकट्याचा अल्बम आला. त्यातल्या चाली स्टीफन स्ट्रीटच्या. तो स्मिथ्सच्या शेवटच्या अल्बमचा सहनिर्माता. आपल्याकडे ‘सिल्क रूट’चा मोहित चौहान घ्या. बँडचा पहिला अल्बम १९९८चा आणि त्याचा स्वतःचा ‘फितूर’ आला २००९मध्ये. मधल्या काळात ‘जब वी मेट’नं त्याचा आवाज घरोघरी पोचवला म्हणून बरं. मुंबईच्या ‘इंडस क्रीड’चा उदय बेनेगल बँड थांबल्यावर न्यूयॉर्कला गेला आणि तिथं त्यानं जुन्याच गिटारवाल्याला, जयेश गांधीला घेऊन नवा बँड काढला. मला तो निर्णय फार कळतो. सवयीची माणसं पाठीशी नसली की घसा मोकळा होत नाही.

पुण्याचं भाडं परवडेना, म्हणून मी सुलतानपूरला घरी आलो. लोणार इथून जवळच. बाहेरचे लोक सरोवर बघायला येतात आणि आमच्या फाट्यावर चहा पिऊन पुढं जातात. गावात हरिनाम सप्ताह चालू होता. कीर्तन मी लहानपणापासून ऐकलेलं, पण या वेळी महाराजांकडं धंद्याच्या नजरेनं पाहिलं. गडी एकटा आला होता. पखवाज आमच्या गावचा, पेटी गावची, टाळकरी गावचे. तालमीचं नावही नाही. त्यानं नुसता अभंग उचलला आणि मागची दहा-पंधरा माणसं त्याच्या पाठोपाठ निघाली. आम्ही एका गाण्याच्या तालमीला महिना घालवायचो.

सप्ताह उठल्यावर मी पेटीवाल्या काकांकडं गेलो.

“पट्टी कोणती?” त्यांनी विचारलं.

मी ई मायनर म्हणणार होतो, तेवढ्यात आठवलं की आमची गिटार अर्ध्या सुरानं खाली उतरवलेली असायची. बरेच रॉक बँड असं करतात. तारा सैल पडतात आणि गायकाच्या घशालाही आराम मिळतो. पेटीवर बोट ठेवून दाखवलं.

“काळी दोन म्हण की मंग! एवढं काहून अडखळतं?”

खरी अडचण पुढंच होती. ऑल्टरनेटिव्ह रॉकचा एक ठरलेला साचा आहे. कडवं पुटपुटल्यासारखं, ध्रुपद किंचाळून. पिक्सीजनं तो रुळवला, निर्वाणानं जगभर नेला. माझी सगळी गाणी त्याच साच्यातली. पण देवळाच्या सभामंडपातल्या कर्ण्यात खर्ज उतरतच नाही. माझी कडवी त्यात विरून गेली, आणि ध्रुपद ऐकून बाहेर पारावरची माणसं उठून आत डोकवायला लागली. पट्टी चढी ठेवून गाणं ही वारकऱ्यांची नुसती हौस असेल असं मला आता वाटत नाही. माइक नसतानाही शेवटच्या माणसाला शब्द कळायला हवेत ना.

काकांनी मधेच पेटी थांबवली. “हा ‘तू’ कोण रे? देव, का बाई?”

पुण्यात इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. ड्रम्स एवढ्या जोरात वाजत असताना विचारणार तरी कोण? मी काहीतरी मोघम सांगितलं. ते म्हणाले, “आधी ठरव. आमाले ठेका कोणता धरायचा ते कळंल.” हा संगीताबद्दलचा सल्ला होता हे मला घरी गेल्यावर उमगलं, आणि त्या रात्री मी दोन गाणी वहीतून काढून टाकली. उरलेल्यांची कडवी वर चढवली, ध्रुपद खाली आणलं. चाली मीच बांधतोय. ओबडधोबड आहेत. एक काकांनी अर्धी दुरुस्त केली आहे, तेव्हा तिच्यावर त्यांचंही नाव घालणार. ते नको म्हणतात, पण आता मला वाटणी नीट कळते.

पुढचा कार्यक्रम मेहकरला आहे. एकटाच जातोय, गिटार घेऊन. तिथल्या पखवाजवाल्याला फोन केला. चार-चारचा ताल आहे म्हणालो, तर तो म्हणाला, “भजनी ठेका लावू, काय बिघडतं?” बिदागीचं मात्र दोघांनीही अजून काढलेलं नाही.