दोनदा दाबला की लागतो

गाडीच्या ब्रेकमध्ये काही बिघडलं, की ते सगळ्यात आधी पायाला कळतं. आणि त्या बिघाडाची सवयही सगळ्यात आधी पायालाच होते. गडबड आहे ती इथेच.

आमची अकरा वर्षं जुनी हॅचबॅक कराडला असते. बाबा चालवतात. बाबांचा नियम असा, की ब्रेक दोनदा दाबायचा. "दोनदा दाबला की मस्त लागतो." तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला हे सहज जमतं. पुढच्या गाडीपासून तो जास्त अंतर ठेवतो, ब्रेकवर आधीच पाय नेतो. त्यामुळे दोष गाडीत राहतो आणि त्याची दुरुस्ती माणसाच्या अंगात होते.

आईने दोन वर्षांपूर्वी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, गाडी शिकायला घेतली. क्लासच्या गाडीवर छान शिकली. घरच्या गाडीवर मात्र दोनदा पुढच्या रिक्षेला जवळजवळ टेकली आणि तिने चावी ठेवून दिली. "माझ्या पायात जोरच नाही गं," असं ती मला फोनवर म्हणाली होती.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मी गाडी चालवली. सिग्नलला ब्रेकवर हलका पाय ठेवून उभी होते. पेडल हळूहळू खाली जायला लागलं. घाई नाही, आवाज नाही. पंक्चर झालेल्या टायरसारखं, गपचूप.

ब्रेकची रचना तशी साधी आहे. आपण पेडल दाबतो, मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइलवर दाब टाकतो आणि तो दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत जातो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम, बास. द्रव जवळजवळ दबत नाही म्हणून हे चालतं. त्यामुळे पेडल मऊ झालं तर प्रश्न एकच: दाब जातोय कुठे?

पेडल स्पंजसारखं लागत असेल, तर बहुतेक वेळा लाइनमध्ये हवा असते. हवा दबते, आपला जोर तिथेच संपतो. पहिल्या दाबाला पेडल खूप खाली आणि दुसऱ्याला वर येत असेल, पण घट्ट असेल, तर मागच्या ड्रमचे ब्रेक शू झिजलेले किंवा सैल अ‍ॅडजस्ट झालेले असू शकतात. आणि धरून ठेवल्यावर पेडल बसतच जात असेल, तर गळती आहे. बाहेर किंवा आत.

बाबांनी गाडी दोनदा गॅरेजमध्ये नेली होती. दोन्ही वेळा "एअर धरलीय" म्हणून एअर काढून दिली. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. ऑइलची पातळी पूर्ण होती. चाकांच्या आतल्या बाजूला, नळ्यांवर, खाली फरशीवर कुठेच ओल नव्हती. मग बिघाड आहे यावर कोण विश्वास ठेवणार?

मी गाडी दुसऱ्या गॅरेजला नेली. तिथल्या दादांनी सीटवर बसून पेडल धाडकन दाबलं. दगडासारखं घट्ट. "काही नाही ताई, ब्रेक एकदम ओके."

"दादा, जोरात नका दाबू. सिग्नलला उभे आहात असं समजून हलकं धरा."

त्यांनी धरलं. अर्ध्या मिनिटात पेडल जवळजवळ तळाला गेलं. ते हसले नाहीत. "मास्टर गेलाय," म्हणाले.

कारण समजून घेण्यासारखं आहे. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर रबरी सील असतात. जोरात दाबलं, की ऑइलचा दाबच सीलची कड सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटवतो, त्यामुळे झिजलेली सीलही टिकते. हलक्या दाबाला तीच कड ऑइल मागे सोडते. ते ऑइल टाकीतच परत जातं, म्हणून पातळी कमी होत नाही आणि खाली थेंबही पडत नाही.

घरच्या घरी तपासायचं तर गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाचदा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. आता पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडंसं खाली जाऊन थांबलं तर घाबरू नका, तो बूस्टर आहे. मग आधी हलकं, नंतर जोरात, अर्धा-अर्धा मिनिट धरून बघा. बसत गेलं तर गाडी चालवू नका.

भाऊबीजेला आम्ही कुंभार्ली घाटातून चिपळूणला आत्याकडे जाणार होतो. पार्ट दिवाळीनंतर येणार होता. मी एसटीने जाऊ म्हटलं. बाबांना ते लागलं. "एवढी वर्षं मी चालवलीच ना?"

त्यांच्या चालवण्याबद्दल मला शंका नव्हती. म्हणून त्यांना फक्त हिशोब सांगितला. ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. दुसऱ्यांदा दाबायला अर्धा सेकंद लागला, तर साडेआठ मीटर गेले. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असतो, ओल धरल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो. घाटाच्या उतारावर सतत ब्रेक लावला तर ते उकळून वाफ होते, आणि वाफ दबते. मग दोनदा दाबूनही काही होत नाही.

बाबा गप्प राहिले. एसटीत त्यांनी खिडकीची जागा आईला दिली.

पुढच्या आठवड्यात दादांनी नुसतं सीलचं किट न टाकता पूर्ण मास्टर सिलिंडर बदलला. जुन्याची आतली भिंत खरवडलेली होती, नवी सीलही तिथे फार टिकली नसती. सगळं ऑइल बदललं. जुनं चहासारखं काळपट निघालं. चारही चाकांची एअर काढली.

पहिली चक्कर आईने मारली. कृष्णा-कोयनेच्या संगमापर्यंत जाऊन परत. फाटकाशी तिने ब्रेक दाबला, एकदाच. गाडी जागच्या जागी थांबली. ती थोडा वेळ स्टिअरिंग धरून बसली आणि बाबांकडे न बघता म्हणाली, "म्हणजे माझा पाय ठीकच होता."